प्रस्तावना : कोरड्या मुलखातले शीड

उबदार समुद्राच्या काठाने, एकदोन माणसे बसतील एवढ्या शिडाच्या होडीतून, केवळ वाऱ्याच्या बळावर प्रवास करण्याची ओढ आणि त्या प्रवासातले धोके हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. 'लहान होडी' या शब्दाने येथे सुमारे अडीच मीटरपासून आठ मीटरपर्यंत लांबीची होडी अभिप्रेत आहे, जिला इंजिन असलेच तर ते अडचणीपुरते असते आणि जिची खरी शक्ती डोलकाठीवर चढवलेल्या एकदोन शिडांत असते. 'किनाऱ्यालगतचे पाणी' म्हणजे जेथून जमीन दिसत राहते तो पट्टा. आणि 'उबदार' हे विशेषण कोकणपट्टीला सर्वार्थाने लागू पडते, कारण तेथे समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान वर्षातला बहुतेक काळ २६ ते ३० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहते. हा विषय हिंगोली जिल्ह्यातील वाचकासमोर मांडला जात आहे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांपैकी एकालाही समुद्राचा वारा लागत नाही, आणि हिंगोली शहरापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर आहे. तथापि समुद्राची ओढ ही समुद्राकाठी जन्मलेल्यांची मिरास नाही, आणि त्याचे पुरावे मराठी इतिहासात आणि अलीकडच्या काळातही भरपूर सापडतात.

हिंगोलीच्या पाण्याचा समुद्राशी संबंध आहे, परंतु तो पूर्वेकडचा आहे. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेसह प्राणहिता होऊन गोदावरीत उतरते. दक्षिणेकडची पूर्णा परभणी जिल्ह्यातून थेट गोदावरी गाठते. आणि अशा रीतीने जिल्ह्यात पडलेला पाऊस, धरणांत आणि शेतांत मुरून जो उरतो तो, अखेर आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जातो. पाण्याचा उतार पूर्वेला आणि भाषेचा, बाजाराचा, नोकरीचा ओघ पश्चिमेला, अशी या जिल्ह्याची स्थिती असल्यामुळे येथल्या माणसाने पाहिलेला पहिला समुद्र बहुधा मुंबईचा किंवा कोकणचा असतो, आणि तो पाहण्याआधी कितीतरी वर्षे त्याने तो ऐकलेला असतो. ज्या संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून कयाधूकाठचे नरसी हे गाव मानले जाते आणि ज्यांचा जन्म परंपरेने इ.स. १२७० असा सांगितला जातो, त्यांच्या संप्रदायात संसाराला भवसागर म्हणण्याची आणि देवाला तारू म्हणण्याची रीत आहे. विठ्ठलाचे कटीवरचे हात भवसागर भक्ताला कमरेइतकाच खोल आहे असे दाखवतात, हा अर्थही वारकऱ्यांच्या कीर्तनांतून पिढ्यान् पिढ्या ऐकवला गेला आहे. समुद्र न पाहिलेल्या श्रोत्याला तरून जाणे, पैलतीर आणि नावाडी या कल्पना पूर्ण परिचयाच्या होत्या. समुद्र येथे अनुभवाच्या आधी विचार म्हणून आला. शिडाच्या होडीचे स्वप्न पाहणारा तरुण याच परंपरेतला आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्याच्या मनात समुद्राला जागा नव्हती असे म्हणणे त्याहून चुकीचे ठरेल.

शास्त्री-पंडितांनी समुद्रगमनाला घातलेला निषेध, ज्याला पुढे सिंधुबंदी हे नाव मिळाले, देशावरच्या समाजावर दीर्घकाळ दडपण ठेवून होता. परंतु मराठ्यांच्या आरमाराचा पाया घालणारा पुरुष देशावरचाच होता. शिवनेरीसारख्या डोंगरी किल्ल्यावर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाड्या ताब्यात येताच जहाजबांधणीकडे लक्ष दिले, १६६४मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली, आणि १६६५मध्ये ते स्वतः आरमारासह समुद्रमार्गाने कर्नाटकच्या किनाऱ्यावरील बसरूरवर चालून गेले. त्यांच्या ताफ्यात गुराबा, गलबते, तारवे, शिबाडे, मचवे अशी निरनिराळ्या घडणीची जहाजे होती, आणि त्यांतली बरीचशी उथळ खाडीत शिरू शकतील अशी हलकी होती. या आरमाराचे बळ किनाऱ्याच्या ज्ञानात होते. खडक कोठे, भरतीला पाणी किती चढते, वारा कोणत्या प्रहरी फिरतो, हे कोळी, भंडारी आणि दर्यावर्दी मुसलमान खलाशांना ठाऊक होते, आणि देशावरच्या राजाने ते ज्ञान आपल्या योजनेत मानाने सामावून घेतले. समुद्रापासून दूर वाढलेल्या माणसाने समुद्राकडे कसे जावे याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणे कठीण आहे.

आधुनिक काळात भारतीयांच्या शिडाच्या साहसाला जी दिशा मिळाली तिच्यामागेही असाच एक माणूस होता. १९७१च्या युद्धात 'कामोर्ता' या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवणारे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी येथे राहत असत, म्हणजे पर्जन्यछायेच्या कोरड्या प्रदेशात. आणि एकट्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा त्यांनी वर्षानुवर्षे जोपासलेला ध्यास होता. तो ध्यास कमांडर दिलीप दोंदे यांनी पूर्ण केला. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई' या ५६ फुटी नौकेतून ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबून मे २०१०मध्ये परतले. एकट्याने शिडाखाली जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. नौकेला नाव मिळाले ते एका नदीचे, आणि ती ज्या पाण्यात प्रथम उतरली तेही त्या नदीचेच होते, हे नदीकाठच्या वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु समुद्राकाठी जन्मणे ही पात्रता नाही, हे सर्वांत स्पष्टपणे 'तारिणी'ने सिद्ध केले. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघून २१ मे २०१८ रोजी तेथेच परतलेल्या या नौकेवर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. नायिका वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचल प्रदेशातल्या, विजया देवी मणिपूरच्या, पायल गुप्ता देहरादूनच्या, ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. बंदराच्या गावची अशी एकटी स्वाती, विशाखापट्टणमची. डोंगरांतून आणि पठारावरून आलेल्या या स्त्रियांनी केप हॉर्नला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या जगातल्या सर्वांत बिकट सागरी वळणाला, वळसा घातला. त्यांच्यामागे नौदलाचे प्रशिक्षण आणि साधनसामग्री होती हे खरेच, आणि ती प्रत्येकाला मिळणार नाही. पण प्रशिक्षणाने जे साधते ते जन्माने मिळावे लागत नाही, एवढे तरी त्यावरून निश्चित होते. प्रस्तुत विषय या महासागरी पराक्रमांपेक्षा पुष्कळच नम्र आहे. त्याचा आवाका फार तर मालवणहून देवबागपर्यंत किंवा जयगडच्या खाडीत एक दुपार एवढाच आहे, आणि या छोट्या आवाक्यालाही स्वतःचे शास्त्र आहे.

शिडाची होडी वारा ढकलतो म्हणून पुढे जाते, ही सर्वसामान्य समजूत अर्धीच खरी आहे. वारा पाठीमागून असेल तेव्हा तसेच घडते. पण वारा बाजूने किंवा तिरका समोरून असेल तेव्हा शीड पक्ष्याच्या पंखाप्रमाणे वक्र होते, त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहणाऱ्या हवेच्या दाबात फरक पडतो, आणि त्यातून निर्माण होणारे बल होडीला काही अंशी पुढे व बरेचसे बाजूला खेचते. बाजूला घसरण्याला विरोध करण्यासाठी होडीच्या तळातून एक फळी पाण्यात उतरवलेली असते. ती आडवे घसरणे रोखते आणि उरलेले बल होडीला पुढे नेते. तरीही कोणतीही होडी थेट वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही. साधारणपणे वाऱ्याच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन ठेवून, आधी डावीकडे, मग उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढावी लागते, आणि त्यामुळे समोरच्या वाऱ्यात १० किलोमीटरवरचे गाव गाठायला प्रत्यक्षात सुमारे १४ किलोमीटर पाणी कापावे लागते. दुसरी गोष्ट अशी की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. सकाळी हसतखेळत चालणारी होडी दुपारी त्याच शिडाने उलटते ती यामुळे. म्हणून वारा वाढण्याची चाहूल लागताच शीड गुंडाळून आखूड करणे हा या विद्येतला पहिला संस्कार मानला जातो, आणि जाणते तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख खलाशी, सांगतात की शीड आखडावे की नाही असा प्रश्न मनात आला म्हणजे ते आखडण्याची वेळ झालेलीच असते.

कोकणच्या किनाऱ्यावर हा वारा वेळापत्रक पाळतो. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पहाटे जमीन समुद्रापेक्षा थंड असल्यामुळे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो; सूर्य चढला की तो मंदावतो, मध्ये काही काळ पाणी निवांत पडते, आणि दुपारी जमीन तापल्यावर समुद्राकडून खारा वारा, बहुतांशी वायव्येचा, जोर धरतो. जुन्या काळी माल वाहणारी गलबते या दोन वाऱ्यांच्या सांध्यावर चालत. दक्षिणेला जाताना दुपारचा वायव्य वारा पाठीशी घेता येई. उत्तरेला परतताना मात्र तो समोर येई, म्हणून रात्रीच्या उत्तरार्धात मतलई वाऱ्यावर शीड उभारून, दिवस चढेपर्यंत जेवढे अंतर काटता येईल तेवढे काटावे लागे. आजच्या हौशी प्रवाशालाही या नियमातून सुटका नाही. भल्या सकाळी वाऱ्यासोबत मजेत दक्षिणेला गेलेला नवखा माणूस दुपारी परत फिरतो तेव्हा वारा, लाटा आणि थकवा तिन्ही त्याच्या विरोधात उभे असतात.

भरती-ओहोटीचे गणित मात्र हिंगोलीच्या वाचकाला अनपेक्षितपणे जवळचे वाटेल, कारण त्याचे साधन त्याच्या घराच्या भिंतीवर टांगलेले असते. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले, म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, पाणी सर्वाधिक चढते व सर्वाधिक उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग. मुंबईच्या परिसरात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. पेरणीसाठी, सणासाठी, सोयरिकीसाठी तिथी पाहणाऱ्या घरात समुद्राचे घड्याळ आधीच आहे. ते वाचायचे तेवढे राहिले आहे. अर्थात या आडाख्यावर होडी खडकांतून काढू नये, त्यासाठी छापील कोष्टके असतात. पण चंद्राकडे पाहून पाण्याचा अंदाज बांधण्याची सवय लागणे ही मोठी कमाई आहे.

येथवरचे वर्णन मोहक वाटते, आणि म्हणूनच धोक्यांचा विचार नेमकेपणाने करणे आवश्यक आहे. उबदार पाणी फसवे असते. थंड समुद्रात पडलेला माणूस काही मिनिटांत गारठून निकामी होतो, तसे कोकणात होत नाही, आणि या एका सवलतीमुळे बाकीच्या संकटांकडे दुर्लक्ष होते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते, त्यामुळे २८ अंशांच्या पाण्यातही काही तासांनी शक्ती ओसरते. त्याहून आधी ऊन आणि तहान येते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले समुद्राचे पाणी प्यायल्याने तहान वाढते, शमत नाही. परंतु लहान होडीचा सर्वांत मोठा शत्रू समुद्र नसून जमीन आहे, हे समुद्रापासून दूर राहणाऱ्याला पटायला वेळ लागतो. होडी संकटात आली की किनाऱ्याकडे धाव घ्यावी ही त्याची स्वाभाविक प्रेरणा असते, आणि नेमकी तीच घातक ठरते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली अशा नद्यांच्या मुखांशी वाळूचे बांध साचलेले असतात, ज्यांची जागा दर पावसाळ्यात बदलते. ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी जोराने बाहेर पडत असते आणि समुद्राची लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर भिडली की लाट आखूड व उभी होते, बांधावर फुटते आणि लहान होडी तेथेच उलटते. अशा वेळी भरतीची वाट पाहत बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून थांबणे हाच शहाणपणा असतो, मग किनाऱ्यावरचे दिवे कितीही जवळ दिसोत.

आणि मग पाऊस. साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणात पोचतात आणि लहान होड्यांसाठी समुद्र बंद होतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित होड्यांच्या मासेमारीलाही कायद्याने बंदी असते, तिचे एक कारण माशांची वीण आणि दुसरे हा खवळलेला दर्या. कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पून मगच नव्या हंगामाकडे वळतात. जो वारा वेंगुर्ल्याला होड्या वाळूवर ओढून ठेवायला लावतो तोच काही दिवसांनी सेनगाव-कळमनुरीच्या शेतकऱ्याला सोयाबीन आणि हळदीच्या कामाला लावतो. या वाऱ्याची वाट पाहणारा समाज आणि त्याला भिणारा समाज यांचे पंचांग एकच आहे. पावसाळ्यात समुद्राला कमी लेखण्याची किंमत मराठी माणसाने १७ जुलै १९४७ रोजी मोजली, जेव्हा मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. ती वाफेची बोट होती, लहान होडीपेक्षा कितीतरी मोठी. पाणी मात्र तेच होते. पावसाळ्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने चक्रीवादळांचे असतात, कारण चक्रीवादळाला साधारण २६.५ अंशांहून उबदार पाणी लागते. म्हणजे ज्या उबेसाठी हा किनारा हवाहवासा वाटतो तीच ऊब वादळाचे इंधन आहे. नोव्हेंबर २००९मध्ये 'फयान'ने आणि ३ जून २०२० रोजी 'निसर्ग'ने कोकणाला याची आठवण करून दिली. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक, संकटकाळी वापरायची १६ क्रमांकाची सागरी रेडिओ वाहिनी आणि अंगावर घट्ट बांधलेले जीवरक्षक जाकीट ही यावरची किमान तयारी होय. पोहता येणे हा जाकिटाचा पर्याय नाही.

एवढे वाचून स्वप्न विरत असेल तर ते विरू द्यावे. पण ज्याचे स्वप्न धोके समजल्यावरही टिकते त्याने ते लाजून लपवू नये, कारण त्याच्यासाठी सुरुवातीची जागा घराजवळ आहे. जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेवर इसापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे, औंढा तालुक्यात पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला, परभणीच्या हद्दीत, येलदरी. या पाण्यावर भोई समाजाची मासेमारी चालते आणि वल्ह्याची होडी नवी नाही. शीड मात्र क्वचितच कोणी पाहिले असेल. शिडाची विद्या गोड्या पाण्यावर शिकता येते याची साक्ष हैदराबादने दिली आहे, ज्या शहराशी १९५६पर्यंत हिंगोलीचा राज्यकारभार जोडलेला होता. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या तेथील हुसेनसागर तलावावर दर पावसाळ्यात शिडांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि साध्या घरांतली मुलेही त्यांत उतरतात. तेथे लहान मुले 'ऑप्टिमिस्ट' नावाच्या होडीत शिकतात. १९४७मध्ये अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी आखलेली ही होडी जेमतेम २.३ मीटर लांब, ३५ किलो वजनाची आणि एका शिडाची असते, आणि ती उलटली तर एकटे मूल ती पुन्हा सरळ करू शकते.

तलाव आणि समुद्र यांत फरक आहेतच, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. जलाशयाला भरती नसते, लाट आखूड असते, आणि टेकड्यांमधून येणारा वारा समुद्रावरच्या वाऱ्यासारखा सलग न वाहता झटक्याझटक्याने व दिशा बदलत येतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या झाडांचे बुंधे व जुन्या बांधांचे दगड वर येतात, आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा थोडे कमी तरंगवते. पण झटक्यांच्या वाऱ्यात शिडाची दोरी सतत हातात ठेवून, ती केव्हा सैल सोडायची हे शिकलेला हात समुद्रावर शांत राहतो. धरणाच्या पाण्यात होडी घालायची तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते, मासेमारी सहकारी संस्थेची जाळी कोठे लावलेली आहेत हे विचारावे लागते, आणि काठावर लक्ष ठेवणारे माणूस लागते. या तीन गोष्टी जमवणे हाच पहिल्या वर्षाचा बराचसा अभ्यास ठरतो. त्यानंतरचे पाऊल खुल्या समुद्राचे नसून खाडीचे असावे, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या काळात, भांगाच्या दिवसांत, वाढत्या भरतीवर, आणि तेथील एखाद्या जाणत्या तांडेलाला सोबत घेऊन. कारण त्या खाडीत या वर्षी वाळूचा बांध कोठे सरकला आहे हे कोणत्याही नकाशाआधी त्याला कळलेले असते.